हैबतीचं दार

"...आणि ज्याला फळीला खिळा सरळ मारता येत नाही, त्याचं नाव साऱ्या गावाच्या तोंडी. माझं कुणाच्याच नाही. बाबा, हे कसं?"

तुळाजीच्या खांद्यावर पिशवी होती. करवत, रंधा, पटाशी, सगळं आत भरून झालं होतं. अकरा वर्षं मठात सुतारकी केलेला माणूस एका दारापायी मठ सोडून निघाला होता.

केवलबाबा त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. त्यांना ओलांडल्याशिवाय बाहेर जाता येत नव्हतं, आणि गुरूला ओलांडायचं कसं?



आता ते दार काय होतं, ते सांगायला हवं.

मठाच्या ओसरीचं दार हैबतीने केलं होतं, तुळाजी येण्याच्या आधी. हैबती मूळचा गुराखी. चौकट तिरकी बसली, फळी खाली जमिनीला घासू लागली, कडी चौकटीच्या इतकी जवळ लागली की उघडणाऱ्याची बोटं सोलून निघत. पण दार झालं. तेव्हापासून लोक आधी कडी वर उचलत, मग फळीला डावा गुडघा लावत, मग खांद्याने रेटत. कुणीतरी कडीला चिंधी गुंडाळली. कुणीतरी दार उघडं राहावं म्हणून मागे एक धोंडा आणून ठेवला. नवा माणूस आला की ओसरीवरचे ओरडून सांगत, "हैबतीचं दार आहे, गुडघा लावा."

दूध घालणाऱ्या सगुणाबाईंचे दोन्ही हात चरवीला गुंतलेले असत. त्या बाहेरूनच हाक मारत, "हैबती, तुझं दार." की गोठ्यातून हैबती धावत येई, आणि दोघं मिळून दाराला नावं ठेवत हसत बसत.

तुळाजीने मठात काय केलं नव्हतं? स्वयंपाकघराच्या खिडक्या त्याच्या, धान्याची कोठी त्याची, पोथीचं व्यासपीठ त्याचं. खिडकी उघडे, कोठी लागे, व्यासपीठ डुगडुगत नसे. त्यामुळे त्यांच्याकडे कुणी दोनदा पाहिलं नाही. त्या दाराची आठवण निघाली की त्याच्या पोटात दुखायचं. वर हैबती स्वभावाने इतका गोड की त्याच्याशी धड भांडताही येत नसे.

शेवटी हैबती आठ दिवस बहिणीकडे गेला, तेव्हा तुळाजीने डाव साधला. जुनं दार काढलं, चौकट सरळ केली, सागाचं नवं दार बसवलं. एका बोटाने उघडायचं. मग तो ओसरीवर जाऊन बसला, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून.

पहिले आले ते स्वतः बाबा. त्यांनी सवयीने कडी उचलली, गुडघा लावला, खांदा दिला, आणि थेट आत जाऊन आडवे झाले. सगुणाबाईंचं अर्धं दूध सांडलं. दिवसभर माणसं आत येऊन कोसळत होती आणि उठताना एकच विचारत होती, "अरे, हैबतीचं दार कुठे गेलं?"

आज हैबती परत आला. तोही पडला. पडल्या पडल्या खूप हसला. मग उठून त्याने नव्या दारावरून हात फिरवला, "तुळाजीदादा, झकास झालंय," म्हणाला आणि गुरांना पाणी पाजायला गेला. त्याच्या मनात काहीही नव्हतं.

तुळाजीला ते सहन झालं असतं. पण तेवढ्यात एक वाटसरू आला, आणि सगुणाबाईंनी त्याला वाट दाखवली, "हैबतीचं दार होतं ना, तिथून आत जा."

तिथून तुळाजी उठला तो पिशवी भरायलाच.

"तुला नाव हवं होतं?" बाबांनी विचारलं.

तुळाजीने खांद्यावरची पिशवी सावरली.

"हो," तो म्हणाला. "हवं होतं. गावाचं राहू द्या, तुमच्या तोंडून तरी. तुम्ही दिवसातून चारदा हैबतीचं नाव घ्यायचात. मी मोजायचो."

"गुडघ्याला लागायचं म्हणून घ्यायचो. शिव्या द्यायचो त्याला."

"शिवी तर शिवी. माझ्या वाट्याला तीही आली नाही."

 तुळाजी मठात आला तेव्हा बाबांना म्हणाला होता, मला मीपणा घालवायचा आहे. ते त्या दोघांनाही आठवलं असावं, पण बाबांनी तो विषय काढला नाही.

"पिशवी जड आहे," बाबा म्हणाले. "ठेव आणि मग भांड."

तुळाजीची नजर बाबांवर रोखलेली होती. त्याने डावा हात मागे नेला आणि पिशवी टांगली.

"कुठे ठेवलीस?"

"खुंटीवर."

"पाहून ठेवलीस?"

"अकरा वर्षं तिथेच टांगतोय. पाहायचंय काय त्यात?"

"आज पाहा."

तुळाजी चिडूनच वळला.

खुंटी होती. भिंतीतली एक साधी लाकडी खुंटी. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि हळूहळू त्याच्या कपाळावरची आठी गेली, कारण कितीही रागावला तरी तो सुतार होता.

मठातल्या साऱ्या खुंट्या भिंतीच्या उजव्या बाजूला होत्या. ही डाव्या बाजूला होती. तुळाजी डावखुरा होता. बाकीच्या खुंट्या हिच्यापेक्षा वीतभर उंच होत्या. ही त्याच्या खांद्याशी होती. तुळाजी बुटका होता.

त्याने पिशवी काढून खाली ठेवली आणि खुंटीवरून बोट फिरवलं. ती किंचित वरच्या अंगाला झुकलेली होती, पिशवी घसरू नये इतपत. टोक बोरासारखं गोल घासलेलं होतं, पिशवीचा बंद चिरू नये म्हणून. खिळा कुठेच नव्हता. त्याने तिला दोन्ही हातांनी धरून सगळा भार टाकला. खुंटी हलली नाही.

"पलीकडून पाचर मारलीय," तो स्वतःशीच म्हणाला. "बाभळीची... भिंतीला भोक पाडून ओल्या मातीत बसवलीय."

भांडण तो विसरला होता.

"बाबा, हे कसलेल्या हाताचं काम आहे."

"असेल."

"मी आलो तेव्हा मठात सुतार नव्हता. असता तर हैबतीला कुणी दार करू दिलं असतं?"

"नव्हता."

"पहिल्या दिवशी ही इथे नव्हती. मी पिशवी उशाला घेऊन झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी लाकडं आणायला गेलो, आलो, आणि..." तो आठवत राहिला. "आलो आणि टांगली. मी कुणाला विचारलंसुद्धा नाही."

बाबा उंबऱ्यावरून उठले. वाट मोकळी झाली. त्यांनी खाली ठेवलेली पिशवी उचलली आणि खुंटीकडे न पाहता तिच्यावर अडकवली.

त्यांच्या डाव्या अंगठ्यावर एक जुना आडवा व्रण होता. पटाशी निसटली की असा होतो. तुळाजीच्या अंगठ्यावरही तसाच होता. रोज प्रसाद घेताना बाबांचा तो अंगठा त्याला दिसत आला होता.

"बाबा," तुळाजीने अगदी हळू विचारलं, "ही खुंटी कुणी केली?"

 बाबांचा चेहरा क्षणभर रुसलेल्या माणसासारखा दिसला...

"अकरा वर्षं झाली, तुळाजी. मीपण वाटच पाहतोय, तू कधी विचारशील याची."