मठातली लोकरी टोपी

"…टोपीनं लिंबाजीला ओळखलं, तसंच आता मठातल्या आणखी एकाला…"

नळावर शेवंता एवढंच बोलली आणि गप्प झाली. समोरून मठातलाच विश्वंभर कळशी घेऊन येत होता. ऐन उन्हाळ्यात त्यानं डोक्याला उपरणं घट्ट गुंडाळलेलं.

आमच्या घरासमोरच चिमणबाबांचा मठ. बाबांच्या गुरूंची लोकरी टोपी तिथं मानाची. संध्याकाळी पोथी वाचेल त्यानं ती घालायची. धुवायची मात्र कधीच नाही. धुतली तर गुरूंचा हात निघून जातो म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात मठात राहणाऱ्या लिंबाजीच्या डोक्यावर रुपयाएवढी चकती पडली. खपल्या धरल्या, केस गेले. तेव्हा ह्याच विश्वंभरानं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, टोपी पापी डोकं ओळखते. लिंबाजी त्याच दिवशी बोचकं घेऊन घरी गेला.

आता बाबा थकले. उद्याच्या गुरुवारी ते टोपी कायमची विश्वंभराला देणार होते. साऱ्या गावासमोर, उघड्या डोक्यावर.

शेवंताचं अर्धं बोलणं काही डोक्यातून जाईना. दुपारी ताक घेऊन मठात गेले. मुद्दाम नाही हो. चरवी रिकामी व्हायची वाट बघत चुलीपाशी बसले, एवढंच.

ओसरीवर बाबांपुढे विश्वंभर बसला होता. सगळ्या पोथ्या पाठ असलेलं, कुणाची चूक न सोडणारं पोर.

"बाबा, उद्याचं… पुढं ढकलता येईल?"

"का रे?"

"माझ्याकडून पाप झालंय."

"कुठं?"

विश्वंभरानं उपरणं आणखी घट्ट धरलं.

"अरे, कुठं झालंय ते दाखव की."

उपरणं सुटलं. माझ्या हातातली फुंकणी हातातच राहिली. कानामागे तळहाताएवढं टक्कल, पांढऱ्या खपल्या, मधेमधे तुटक्या केसांचे काळे ठिपके.

बाबांनी चष्मा पुसला. वाकून पाहिलं.

"काय काय लावलंस?"

"लिंबू… लसूण… रॉकेल."

"आणखी?"

"धुनीची राख."

"आणि दवाखाना?"

"तिथं काय सांगू? पाप झालंय म्हणून?"

"डोकं खाजतंय म्हण. डॉक्टरीणबाई पाप तपासत नाहीत."

विश्वंभर रडवेला झाला. "लोकांना कळलं तर मला हाकलतील, बाबा."

"कोण हाकलेल?"

हाकलायची रीत कुणी पाडली, ते चुलीपाशी बसलेल्या मलाही ठाऊक होतं.

"ऊठ. लिंबाजीच्या दारावरून जा. त्यालाही घे बरोबर."

"तो माझं तोंड तरी बघेल?"

"तू डोकं दाखव."

दिवेलागणीला दोघं परत आले, तरी मी चुलीपाशीच होते. लिंबाजी उंबऱ्याबाहेरच थांबला. "काकू, आत येऊ ना?" मला विचारलं त्यानं… मला! मी त्याला दंडाला धरून आत घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या खपल्या काचेवर खरवडून तपासल्या होत्या. नायटा निघाला, बुरशीचा. नुसतं मलम केसांच्या मुळापर्यंत पोचत नाही, गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं तरी मधेच सोडायच्या नाहीत. डोकं धुवायला औषधी शाम्पू. कंगवा, उशी, टॉवेल ज्याचा त्याला.

"आणखी एक विचारलं बाईंनी," विश्वंभर हळूच म्हणाला. "दोघांनी डोक्यावर एकच काय घातलं होतं…"

सगळ्यांचे डोळे खुंटीवरच्या टोपीकडे गेले.

"म्हणजे लोक म्हणतात ते खरंच, बाबा? टोपीनंच केलं?"

"टोपीपर्यंत खरं."

बाबा उठले. टोपी खुंटीवरून काढली आणि थेट चुलीपाशी आले. पातेल्यात आधण खळखळत होतं. मी पातेल्याच्या आड आले.

"बाबा, नका हो… गुरूंचा हात…"

बाबांनी टोपी आत टाकली. पळीनं ढवळत राहिले. पाणी काळं झालं. विश्वंभर भिंतीला टेकला, लिंबाजीनं डोळे मिटले. मला वाटलं, आता काहीतरी कोसळणार… चुलीतलं लाकूड तेवढं तडतडलं.

बाहेर काढली, तर टोपी आटून मूठभर झालेली. नारळालासुद्धा बसली नसती.

"आता ही उद्या कुणाच्या डोक्यावर ठेवणार, बाबा?" विश्वंभरानं विचारलं.

बाबांनी टोपी पिळली. झटकली. दोरीवर वाळत घातली.

"ज्याचं डोकं हिच्यात मावेल, त्याच्या."