खालाटीचं नाव

तो मुलूख समुद्रापेक्षा खाली होता. मुळात जमीन समुद्राचीच. जनावरांनी बांध घालून ती त्याच्याकडून हिसकावली होती आणि समुद्र हे एक दिवसही विसरला नव्हता. दिवसातून दोनदा तो बांधाशी येई, कुठं भुसभुशीत लागतंय का ते चाचपून पाही, आणि काही न बोलता परत जाई.

मुलखात बारा वाड्या होत्या. पश्चिमेला बंदरावर बगळ्यांची झाडवट. तिथं कधीकाळी झाडी होती म्हणून हे नाव. आता जहाजांच्या डोलकाठ्या सोडल्या तर उभं लाकूड तिथं औषधालाही नव्हतं. पूर्वेला वाळूच्या टेकडीपाशी सशांची माळवाडी. मधल्या दहा वाड्यांत बदकं, बेडूक आणि उंदीर राहत. परदेशी जहाजं झाडवटीलाच लागत, त्यामुळे परके खलाशी साऱ्या मुलखालाच झाडवट म्हणत. बगळ्यांनी त्यांची चूक कधी सुधारली नाही. माळवाडीचा एखादा ससा दूरदेशी गेला, की त्याला विचारत, "म्हणजे तू झाडवटीचा?" ससा नाही म्हणे, बारा वाड्यांची नावं घेऊन बराच वेळ समजावत बसे, आणि शेवटी समोरचा म्हणे, "हो, तेच ते." हे 'तेच ते' सशांच्या काळजात वर्षानुवर्षं रुतून बसलं होतं.

बांधाची राखण एका घुशीकडे होती. तिचं नाव द्वारकी. घूस ही पोखरणारी जात. पण भोक कुठं पडेल ते पाडणाऱ्यालाच आधी कळतं, म्हणून तिच्या पणजीला हे काम मिळालं आणि मग ते घराण्यात राहिलं. द्वारकीनं राखलेल्या बांधाआड बाराही वाड्या निर्धास्त असत, पण तिच्या हातचं पाणी कुणी पीत नसे.

एका वर्षी द्वारकीला पश्चिमेचा बांध आतून मऊ लागला. वरून गवत हिरवंगार होतं. पण पाय दाबला की खाली माती हलायची. भरावाला चिकणमाती हवी होती, आणि ती मिळायची फक्त माळवाडीत. सशांनी पिढ्यान् पिढ्या आपल्या शेतांतली काळी माती, वाळवली की लाकडासारखी जळणारी, जळणासाठी खणून काढली होती. तिच्याखाली चिकणमाती उघडी पडली होती आणि शेतं विहिरीसारखी खोल गेली होती. सशांचा पाटील मालोबा तेवढा टेकडीवर राहायचा. बाकीची माळवाडी त्या खणलेल्या शेतांच्या तळाशी होती. द्वारकीची लेक पुतळी तिथंच नांदत होती. तिला चार पिल्लं होती.

द्वारकी टेकडी चढून मालोबाकडे गेली. तिला अंगणातच उभं केलं.

"पाटील, बांधाला माती हवी. शंभर गाडे. पुढच्या उधाणाच्या आत."

"कुणाच्या बांधाला?"

"आपल्या."

"आपल्या म्हणजे? नाव काय त्या बांधाचं?"

त्या बांधाला सगळे झाडवटीचा बांध म्हणत.

"ज्याचं नाव, त्याची माती," मालोबा म्हणाला. "जगात मिरवताना सगळा मुलूख त्यांचा, आणि माती वाहताना आम्ही आठवतो होय? आधी ते नाव खाली उतरवा म्हणावं."

द्वारकी तशीच झाडवटीला गेली. बगळ्यांचा नाखवा हिरोजी धक्क्यावर एका पायावर उभा होता. तिनं निरोप सांगितला.

"नाव बदललं, तर जहाजं कुठं येतील?" हिरोजी म्हणाला. "त्यांच्या नकाशात झाडवट आहे. माळवाडी कुणाच्या बापानं ऐकली आहे?"

"नाखवा, बांध फुटला तर नकाशा घेऊन काय करायचं?"

हिरोजीनं दुसरा पाय खाली ठेवला आणि पहिला वर घेतला. "आमचे पाय लांब आहेत, द्वारके."

उधाणाला चार दिवस राहिले तेव्हा मधल्या वाड्यांनी सभा बोलावली. बगळे एका अंगाला बसले, ससे दुसऱ्या अंगाला. सकाळपासून दुपारपर्यंत एकमेकांच्या आईबापांचा उद्धार झाला. अखेर कडेला उभी असलेली द्वारकी न विचारता बोलली.

"माझी आजी या मुलखाला खालाटी म्हणायची. खाली आहे म्हणून खालाटी. ते नाव ना झाडवटीचं, ना माळवाडीचं. तेच ठेवा, आणि आज गाडे जुंपा."

मग हिरोजीची मान ताठ झाली. "परक्यांना काय सांगायचं? आम्ही खालचे?"

"आणि आम्ही टेकडीवरचे!" मालोबा ओरडला. "आम्ही कुठून खालचे झालो? घुशीला सगळं खालीच दिसायचं."

बगळे हसले, ससेही हसले. कित्येक वर्षांत दोघं पहिल्यांदाच एका गोष्टीला हसत होते. बदकांनी पंख फडफडवून या एकीचं कौतुक केलं आणि सभा उठली. गाडा एकही जुंपला गेला नाही.

उधाणाच्या दिवशी भर दुपारी समुद्रानं बांध चाचपला आणि या वेळी तो परत गेला नाही. द्वारकी भगदाडात पाठ लावून उभी राहिली; पाण्यानं तिला काटकीसारखी उचलून आत फेकली. ती ओरडत पूर्वेकडे पळाली, पण पाणी तिच्यापुढे गेलं. बंदराची जमीन भरावानं उंच केलेली होती, तिथं ते थांबलंच नाही. त्याला खालचा रस्ता बरोबर ठाऊक होता. ते थेट माळवाडीच्या खणलेल्या शेतांत उतरलं. द्वारकी पोचली तेव्हा पुतळी एका कौलारू छपरावर बसली होती. तिच्यापाशी दोन पिल्लं होती.

"बाकीची?" द्वारकीनं विचारलं.

पुतळीनं पाण्याकडे पाहिलं.

पाणी तीन दिवस राहिलं. मग बांधाची दारं उघडून ते ओहोटीबरोबर सोडून दिलं, भगदाडाला घाईघाईनं फळ्या ठोकल्या, आणि चिखलातून घरं पुन्हा वर आली. प्रत्येक घराच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ उमटली होती. झाडवटीत ती उंबऱ्याशी होती, मधल्या वाड्यांत खिडकीशी, आणि माळवाडीत छपराच्या वळचणीला. रेघ सगळीकडे एकच होती, सरळ, दोरी धरून ओढल्यासारखी. आपण किती खाली राहतो ते प्रत्येकाला आपल्याच भिंतीवर वाचता येत होतं.

पुन्हा सभा भरली. दोष कुणाचा? ससे बगळ्यांकडे बघत होते, बगळे सशांकडे. मग हिरोजी सावकाश म्हणाला, "बांधात शेवटी कोण होतं?"

"घूस," मालोबा म्हणाला. "पोखरलाच असणार. जात कुठं जाते?"

तिथल्या तिथं निवाडा झाला. द्वारकीला बांधाबाहेर घालवायचं ठरलं. ती गर्दीत पुतळीला शोधत राहिली. पुतळी मागच्या रांगेत होती. दोन पिल्लं पोटाशी धरून ती खाली मान घालून बसली होती. तिला त्याच वाडीत दिवस काढायचे होते. सगळ्यांनी हात वर केले, तेव्हा तिनंही केला.

आठ दिवसांनी परकी जहाजं यायची होती. भिंतींवरच्या त्या रेघा त्यांना दिसून चालणार नव्हत्या. बगळ्यांनी किनाऱ्यावरचे शिंपले दिले, सशांनी ते भाजायच्या भट्टीला जळण दिलं, बेडकांनी चुना कालवला. जळणाचे आणि शिंपल्यांचे गाडे दिवसभर रस्त्यावर होते. ससा आणि बगळा एकाच शिडीवर चढून एकाच घराला सफेदी देत होते. फळ्यांमधून झिरपणाऱ्या पाण्याकडे जायला कुणाला उसंत नव्हती.

बांधाबाहेरच्या चिखलात द्वारकी एकटी होती. ती ओंजळीनं गाळ उचलत होती आणि फळ्यांच्या फटींत बाहेरून दाबत होती. तिची पुतळी आत होती. भरती चढू लागली. पाणी गुडघ्याशी आलं, मग कमरेशी. तिनं टाचा उंचावून फळ्यांवरून आत पाहिलं. जवळची झाडवट, मधल्या साऱ्या वाड्या आणि दूरवरची माळवाडी उन्हात पांढऱ्याशुभ्र चमकत होत्या. एकाही भिंतीवर रेघ नव्हती. आणि तिच्या कमरेशी हळूहळू हलणारं पाणी माळवाडीच्या कौलांपेक्षा उंच होतं.