पश्चिमेला गेलेला एकटा

“मग तो एकटाच बरोबर होता ना, बुवा?”

मोरेश्वराने टेकायच्या आधीच विचारले. धुंडिबुवा मठाच्या अंगणात सुपात पावटे सोलत बसले होते. त्यांनी हातानेच त्याला बस म्हटले.

सारे बिनसले होते ते एका जुन्या ओवीवरून.

गाव पूर्वे चालिला । एक पश्चिमे गेला ।
जो कोणा न पुसता निघाला । तोचि मोकळा ॥

मोकळा कोण? मठातले सगळे शिष्य म्हणाले, गावाबरोबर गेलेला. चारचौघांत राहून ज्याचा मीपणा गळाला, तो. मोरेश्वर म्हणाला, छे, पश्चिमेला गेलेला एकटा. शब्दाने शब्द वाढला. कुणी त्याला दीडशहाणा म्हटले, कुणी पंगतीत त्याच्या शेजारी बसेना. शेवटी वळकटी उचलून तो नदीकाठच्या ओस देवळात राहायला गेला. पावसाळा सरला, थंडी पडली. बुवांनी चूक म्हटले तर मठ कायमचा सोडायचा, असे ठरवूनच तो आज आला होता.

“काल सगळ्यांनी ती ओवी पुन्हा वाचली,” बुवा म्हणाले. “तुझा अर्थ त्यांना पटला. एकूणएक सगळ्यांना.”



मोरेश्वराला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट हातातले काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखे वाटले.

“सगळ्यांना पटला?” तो हळूच म्हणाला. “मग... मला पुन्हा एकदा पाहायला हवे.”

बुवांचे हात थांबले. त्यांनी नुसतेच वर पाहिले.

आपण काय बोलून गेलो, ते तेव्हा कुठे मोरेश्वराच्या ध्यानात आले. तो ओशाळला. गाव पूर्वेला निघाले नसते, तर आपण पश्चिमेची वाट धरली असती का?

मग त्याला हसू फुटले. हसता हसता डोळे भरून आले. इतके महिने उरावर वागवलेला धोंडा कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला होता. कितीतरी दिवसांनी त्याला कडकडून भूक लागली.

आत पाने मांडल्याचा आवाज आला.

“बुवा, आता कुठे जाऊ?” त्याने डोळे पुसत विचारले. “पंगतीत, की देवळात?”

धुंडिबुवा पावट्यांचे सूप उचलून उभे राहिले.

“ते मला कशाला विचारतोस?”