दुधाच्या जागी

“दूध नाही, दही नाही, ताकसुद्धा नाही… मग त्याच्या जागी काय?”

तापीमायनी हे विचारलं तेव्हा नलिनी पाटावर ताठ बसली होती. समोरची दुधाची वाटी तिनं दूर सारली होती.

“त्याच्या जागी काहीच नाही, माय. सोडलं म्हणजे सोडलं.”

“बरं.”

तापीमाय तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. सातपुड्याच्या पायथ्याशी, गावाबाहेरच्या टेकाडावर त्यांचा आश्रम होता. आश्रम म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि एक विहीर. नलिनी तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून ती मायजवळ राहायला आली. राहायला या दोघीच.

दूध यायचं ते शेजारच्या लोटनच्या गोठ्यातून. त्या महिन्यात लोटनच्या गाईला गोऱ्हा झाला होता. पंधराव्या दिवशी त्यानं तो कुणाला तरी देऊन टाकला. गाय तीन दिवस हंबरत राहिली. नलिनीनं ते तीन दिवस ऐकलं.

“त्याच्या वाटचं होतं ते, माय. आपण प्यायलो.”



तापीमायनी आपलीही वाटी उचलली आणि नलिनीच्या वाटीशेजारी नेऊन ठेवली.

“लोटनला सांग, उद्यापासून नको.”

नलिनीला भरून आलं. शिष्येचं व्रत गुरूनं उचललं! गुरुवारी भजनाला गावातली माणसं यायची, त्यांना ती सांगू लागली, “मी दूध सोडलं आणि मायनीही सोडलं.”

सांगायची ते याच क्रमानं.

दोन महिने गेले.

नलिनी भाकरी-चटणी खायची. कधी एखादा पेरू. केस कंगव्यात येऊ लागले. विहिरीवरून बादली आणताना ती मधे दोनदा थांबू लागली.

“दमलीस?” माय विचारायच्या.

“नाही, माय. हलकं वाटतंय. देहाचं ओझं उतरतंय.”

माय तिच्याकडे बघत राहायच्या…

एक गोष्ट मात्र नलिनीच्या ध्यानात आली नाही. तापीमायच्या तोंडात चारच दात उरले होते. कित्येक वर्षं त्यांचं जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली भाकरी. आता त्या भाकरी कोमट पाण्यात कुस्करायच्या आणि वर चिमूटभर मीठ घालायच्या. ते पाणी नलिनीच आणून द्यायची, दोन्ही वेळा.

भाद्रपदात विहिरीच्या काठाचा दगड मायच्या नडगीला लागला. जखम एवढीशी होती. हळद लावली, फडकं बांधलं.

तीन आठवडे झाले तरी ती भरली नाही. कडा पांढऱ्या पडल्या, पाऊल सुजलं.

उपकेंद्रातल्या वैजयंता सिस्टर आल्या. त्यांनी फडकं सोडलं, जखम धुतली, बोटातून रक्त घेऊन साखर तपासली.

“साखर नाही. मग ही भरत का नाही?… माय जेवतात काय?”

“भाकरी,” नलिनी म्हणाली.

“कशाबरोबर?”



“पाण्याबरोबर… मीठ घालून.”



“ताई, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायच्या ना?”

बारा वर्षं तिनं फळ्यावर लिहिलं होतं, प्रथिने शरीराची झीज भरून काढतात. ज्या माणसाजवळ ती चार वर्षं राहत होती, त्याच्या ताटात काय आहे हे तिला आज कळत होतं.

“जखम भरायची तर प्रोटीन पाहिजे,” सिस्टर म्हणाल्या. “आजपासून दूध चालू करा. ह्या वयात जखम खोल गेली तर हाडापर्यंत जाते.”

सिस्टर टेकाड उतरून गेल्या. नलिनी लोटा घेऊन लोटनच्या गोठ्यात गेली. दूध आणलं, तापवलं, निववलं. वाटी घेऊन मायसमोर बसली.

“माय, घ्या.”

“तू घेशील?”

“मी… नाही. पण तुमचं वेगळं आहे. तुम्ही घ्या.”

“मग नको.”

“माय, जखम वाहतेय!”

“वाहू दे. तू दुसरं जे वाढशील ते खाईन. हे नको.”

“पण का? वासरू मी पाहिलं. तुम्ही तर पाहिलंही नव्हतं.”

“तू वासराला पाहत होतीस…” तापीमायनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मी तुला पाहत होते.”

नलिनी वाटी घेऊन बाहेर आली आणि पायरीवर बसून रडली. मग डोळे पुसून दूध लोटनला परत द्यायला निघाली.

वाटेत सुपडाबाईचं खळं होतं. साठीची बाई, काळ्या उडदाच्या शेंगा काठीनं झोडत होती.

“ताई, काय झालं?”

नलिनीनं सगळं सांगितलं, पाणी आणि मिठापर्यंत.

सुपडाबाईनं काठी खाली ठेवली. ओंजळभर उडीद उचलून फुंकर मारली.

“बाई गं, आमच्या घरी कुठे होतं दूध? चार लेकरं वाढवली मी.” तिनं ओंजळ नलिनीच्या पदरात रिती केली. “चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद. चार खडे मीठ. एकत्र दळायचं. कळणा म्हणतात त्याला. त्याची भाकरी. नुसती ज्वारी एकटी पडते, उडीद तिला धरून ठेवतो.”

नलिनी ऐकत होती. धान्यात जे कमी ते कडधान्यात असतं, कडधान्यात जे कमी ते धान्यात. हेही तिनं मुलांना शिकवलं होतं… परीक्षेसाठी.

त्या दिवसापासून आश्रमाची चूल दोन वेळा नव्हे, चार वेळा पेटू लागली.

पहिल्याच दिवशी तिनं घाई केली. घट्ट उडदाचं वरण वाटीवर वाटी वाढलं. संध्याकाळी मायचं पोट फुगलं. त्या कुशीवर कुशी बदलत होत्या आणि नलिनी हिंगाचं पाणी घेऊन शेजारी बसली होती.

“माझंच चुकलं, माय.”

“चुकलं नाही. जास्त झालं.” आणि वेदनेतही त्या हसल्या.

मग ती शिकली. सकाळी मुगाचं पातळ वरण, रवीनं घोटलेलं. दुपारी कळण्याची भाकरी, त्याच वरणात भिजवून अगदी मऊ केलेली. चार वाजता भाजलेल्या शेंगदाण्याचं आणि तिळाचं कूट, गुळाबरोबर खलबत्त्यात लोण्यासारखं वाटलेलं. संध्याकाळी कुळथाचं पिठलं. मोड आणून शिजवलेली मटकी ती चाळणीतून गाळायची. कडधान्य आदल्या दिवशी भिजत घालायचं, हे विसरलं तर दुसरा सगळा दिवस फुकट जातो, हेही तिला कळलं.

पण पहिला घास घेऊन ती मायजवळ बसली की माय तोंड मिटून घ्यायच्या.

“आधी तू.”

“जखम तुम्हाला आहे.”

तापीमायनी तिचा हात हातात घेतला. मनगटातली बांगडी बोटानं हलकेच वर ढकलली. बांगडी सरळ कोपरापर्यंत गेली.

“हिला कुठे जायचंय एवढं वर?”

मग पहिला घास नलिनीनं खाल्ला.

तेव्हापासून ताट एकच झालं. एक घास मायला, एक नलिनीला.

सिस्टर दर आठवड्याला यायच्या. कागदाच्या पट्टीनं जखम मोजायच्या. तिसऱ्या आठवड्यात कडा गुलाबी झाल्या. पाचव्या आठवड्यात तळ भरून आला. आठव्या आठवड्यात सिस्टरनी पट्टी पिशवीतून काढलीच नाही.

“दूध दिलंत ना शेवटी?”

“नाही,” नलिनी म्हणाली, आणि तिनं स्वयंपाकघरातली मडकी एकेक करून दाखवली. उडीद, मूग, मटकी, कुळीथ, तीळ, शेंगदाणे.

सिस्टरनी एका मडक्यातले उडीद मुठीत घेऊन पाहिले.

“छान. पण बी ट्वेल्व्हची गोळी दोघींनी घ्यायची. ते डाळीत नसतं. त्यात व्रताचा अभिमान चालत नाही.”

नलिनीनं मान खाली घालून गोळ्या घेतल्या.

हिवाळा आला. नलिनीच्या गालांवर मांस चढलं. बादली एका दमात वर येऊ लागली. गुरुवारच्या बायका विचारायच्या, मायला काय देता? नलिनी सांगायची. पुढे तिनं तक्ता केला, कशात किती ग्रॅम, रोज किती लागतं, आणि तो पडवीत लावला. दारावर पाटीही लागली, “येथे दुधाचे पदार्थ आणू नयेत.”

तापीमायनी पाटी वाचली. मग आत गेल्या.

पौषातली एक दुपार. डोंगरातल्या पाड्यावरून एक पावरा आदिवासी बाई टेकाड चढून आली. रायलीबाई तिचं नाव. अनवाणी होती. डोक्यावर फडक्यानं तोंड बांधलेला लहानसा लोटा. वाचता येत नव्हतं, त्यामुळे पाटीखालूनच आत आली.

नलिनी पडवीत मूग निवडत होती.

“मायचा पाय बरा झाला का?” बाईनं विचारलं.

“झाला. तुम्ही कोण?”

“बाजारात ऐकलं होतं, माय पडल्यात. मी देवाला बोलले, पाय बरा होऊ दे. माझी शेळी व्याली की पहिलं दूध मायला.” तिनं लोटा पुढे केला. “दोन पिलं आहेत. ती पिऊन जेवढं उरलं तेवढं आणलं.”

नलिनी उठली. हात जोडून, अगदी गोड आवाजात म्हणाली,

“बाई, इथे दूध चालत नाही. आम्ही घेत नाही. घरी घेऊन जा, लेकरांना द्या.”

रायलीबाईनं लोट्याकडे पाहिलं. मग नलिनीकडे. फडकं पुन्हा नीट बांधलं आणि वळली.

“कुठून आलीस गं?” आतून आवाज आला.

तापीमाय काठी टेकत दारात आल्या होत्या.

“वरून, माय. चौथ्या पाड्यावरून.”

“मग बस.”

रायलीबाई बसली. तापीमायनी तिच्याशेजारी जमिनीवर बैठक मारली. लोट्याचं फडकं स्वतः सोडलं. दूध भांडंभरच होतं. त्यांनी लोटा दोन्ही हातांनी उचलला, तोंडाला लावला आणि थांबत थांबत सगळं प्यायलं. शेवटचा थेंब येईपर्यंत.

मग पदरानं ओठ पुसले.

“गोड आहे.”

रायलीबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसतही होती ती. मायच्या नडगीवरच्या व्रणावरून तिनं एकदा बोट फिरवलं, जणू खात्री करून घेतली.

नलिनी तशीच उभी होती. मग तिला सुचलं, बाई सकाळपासून चालत आलीय. ती आत गेली. कळण्याची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी असं ताट वाढून आणलं. रायलीबाई पोटभर जेवली. दुसरी भाकरी मागून घेतली. जाताना नलिनीनं लोट्यात उडीद भरून दिले.

बाई टेकाड उतरून दिसेनाशी झाली.

नलिनी मायजवळ येऊन बसली.

“माय.”

“हं.”

“जखम वाहत होती तेव्हा मी दूध आणलं. रडत आणलं. तुम्ही घेतलं नाही. आज पाय बरा आहे, कशाची गरज नाही… आणि तिच्या हातचं घेतलंत.”

तापीमाय उन्हाकडे बघत होत्या. त्यांनी नलिनीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

“तेव्हा उपाशी तू होतीस, पोरी. मी प्यायले असते तर तशीच राहिली असतीस… आज उपाशी ती होती, देण्यासाठी.”