वीतभर पाणी

"बाबा, मोठी मासळी खोल पाण्यातच असते ना?"

तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून चैतराम विचारत होता. कपाळावर दिवा, हातात नागपूरहून आणलेला लांब गळ.

"असन बापू," काठावरून डोमाबाबा म्हणाले.

डोमाबाबा म्हणजे ढिवरांच्या वस्तीतले सर्वांत म्हातारे गळवाले. रात्री काठावर बसून मरळ धरावी ती त्यांनीच. आणि चैतरामने मत्स्यशास्त्राची पदविका घेतलेली. ती मासळीलाही ठाऊक असावी, असा त्याचा समज होता.

महिनाभर तो शिकायला म्हणून रोज रात्री बाबांसोबत येत होता. एकही मरळ लागली नव्हती. बाबांनी एक अक्षर शिकवलं नव्हतं. नुसतं जेवू घातलं होतं.

म्हणून आज त्याने पिशवी भरून ठेवली होती. पहाटे निघून दूरच्या धरणावर जायचं, दुसरा गुरू बघायचा. बाबांचा जीव तुटत होता, पण बोलून दाखवतील तर ते बाबा कसले!

"आजची शेवटची रात्र, बाबा. आता तरी काही सांगा."

"बाहेर ये."

तो पाणी तुडवत बाहेर आला. बाबांनी त्याला खाली बसवलं. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि त्याचे चिखलाचे पाय पुसू लागले.

"बाबा! माझ्या पायांना हात कशाला लावता?"

"थंडे पडले रे."

मग त्यांनी त्याच्या कपाळावरचा दिवा विझवला. तीन पावलं मागे, गवतात नेऊन बसवलं. आपल्या बांबूच्या काठीच्या गळाला आमिषाची बेडकी लावली, काठी त्याच्या हाती दिली आणि गळ पाण्यात सोडायला लावला. काठापासून हातभर.

"इथं? इथं वीतभर पाणी आहे, बाबा. आत्ता मी इथूनच तर चालत आलो."

"हो ना."

...

चैतरामने पुन्हा तोंड उघडलं. बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो गप्प बसला. महिनाभरात पहिल्यांदाच इतका वेळ गप्प बसला.

...

काठी वाकली.

हातभर लांबीची मरळ गवतात येऊन पडली. चैतराम लहान मुलासारखा हसला. मग एकदम थांबला.

"म्हणजे मरळी काठाशीच येत होत्या... आणि मी रोज त्यांना हुसकावून आत जात होतो?"

बाबा मरळीच्या तोंडातला गळ सोडवत राहिले.

"मग पहिल्याच रात्री का नाही सांगितलं?"

"तू लय आत उभा होता ना बापू. तिथवर माहा आवाज कुठं येते?"

...

चैतरामने मान खाली घातली. मला इथंच राहू द्या म्हणायला जीभ रेटेना, आणि जायला पाय निघेना.

शेवटी कसंबसं म्हणाला, "बाबा... मी पहाटे जाऊ का?"

"जाय ना," बाबा म्हणाले. "पण तळ्याच्या काठाकाठानं जाय. न्याहारीले फिरून इथंच येशीन."