वाढणारी किल्लाई

चूक सोनबुवांची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पत्रेवाडीतली मोठी मंडळी अजूनही म्हणतात की चूक गंजाची होती, हवेची होती, नशिबाची होती. नव्हती. सोनबुवांची होती.

पत्रेवाडी खेळण्यांच्या विश्वात आहे. तिथलं आभाळ निळ्याशार पत्र्याचं, त्याला चमकीच्या चांदण्या चिकटवलेल्या. डोंगर ठोकळ्यांचे, लाल, पिवळे, जांभळे. आणि राहणारे सगळे टिनाचे रोबो. प्रत्येकाच्या पाठीला एक किल्ली. आता स्वतःचा हात स्वतःच्या पाठीला काही पुरत नाही. म्हणून रोज सकाळी एकमेकांकडे पाठ करून उभं राहायचं आणि एकमेकांची किल्ली फिरवायची. कर्र, कर्र, कर्र! झाला दिवस सुरू.

गावाच्या मधोमध एक लखलखती बाग होती. तिथे बटणांची फुलं फुलायची, रिबिनींचे वेल झुलायचे, पानापानांवर इवल्या इवल्या काचमण्यांचं दव चमचमायचं. त्या बागेत किल्लाईची मूर्ती होती. जगातल्या पहिल्या रोबोची पहिली किल्ली जिने फिरवली, ती किल्लाई.

टिनाला भीती एकाच गोष्टीची. गंज! त्यावर औषधही एकच. रंग! वर्षातून एकदा आभाळातलं इंद्रधनुष्य खाली ठिबकायचं आणि घरटी एक छोटुकली डबी रंग मिळायचा. पूर्वी आईबाप तो आपल्या पोरांच्या अंगाला लावायचे. मग चाळीस वर्षांपूर्वी किल्लाईचे पुजारी सोनबुवा म्हणाले, "आधी देवी!"

झालं. तेव्हापासून प्रत्येक घराची डबी किल्लाईच्या अंगावर. दर जत्रेला नवा थर. मूर्तीचं नाक बुजलं, डोळे बुजले, हात पोटात गडप झाले. फुगत फुगत ती हंड्याएवढी झाली, मग रांजणाएवढी, मग हत्तीएवढी. आणि ही शहाणी मोठी माणसं काय म्हणायची? "देवी वाढतेय! तिळातिळाने वाढतेय! केवढा चमत्कार!"

अरे, गावभरचा रंग फासला तर वाटाणाही वाढेल! पण विचारणार कोण? पत्रेवाडीच्या म्हाताऱ्यांच्या मानेत स्प्रिंग होती. बुवा बोलले की सगळ्यांच्या माना डुगडुग, डुगडुग. आणि डब्यांच्या तळाशी उरलेला रंग बुवा स्वतःच्या अंगाला पुसायचे. नखशिखान्त सोनेरी झाले होते. त्याला ते प्रसाद म्हणायचे.

याच गावात खिटी नावाची मुलगी राहायची. नावासारखीच, दाराच्या खिटीएवढी. तांब्याच्या तारेच्या दोन वेण्या आणि छातीवर तळहाताएवढा निळा ठिपका. ती जन्मली तेव्हा आईने रिकाम्या डबीचा तळ खरवडून तो लावला होता. तिचा धाकटा भाऊ चिमटू जन्मला, तेव्हा खरवडायलाही काही उरलं नव्हतं.

म्हणून चिमटू गंजला. आधी गुडघे, मग कोपर, मग पाठ. गंज किल्लीच्या भोकात शिरला की किल्ली फिरत नाही. किल्ली फिरली नाही की रोबो थांबतो. कायमचा.

जत्रेच्या सकाळी खिटीने चिमटूची किल्ली दोन्ही हातांनी फिरवली. अर्धा फेरा झाला आणि ती अडकली.

"ताई, आज अर्धाच?" चिमटूने विचारलं.

"पुरेल तुला. तू आहेसच केवढासा!"

"दुपारपर्यंत पुरेल?"

खिटीने आईकडे पाहिलं. आईच्या हातात या वर्षीची डबी होती. पिवळीधमक, हळदीसारखी.

"आई, उघड ना. बोटभर लावू त्याला."

"झाकणावर बुवांचा शिक्का आहे गं खिटे," आई म्हणाली. "मोडला तर वाळीत टाकतील. आपल्याला एकमेकांचीही किल्ली फिरवू देणार नाहीत. मग तिघंही थांबू."

म्हणून खिटी थेट बागेत गेली. सोनबुवा मूर्तीसमोर उभे राहून स्वतःच्याच पोटात स्वतःचं प्रतिबिंब बघत होते. भोवती म्हातारे बसले होते.

"बुवा, बोटभर रंग द्या ना. माझा भाऊ आज थांबेल."

"देवी वाढतेय, आणि तू तिच्या वाढीवर टपलीस?" बुवा गरजले. "भावाची श्रद्धा कमी पडतेय. त्याला म्हणावं, हात जोड."

"जोडले असते बुवा. कोपर गंजलेत त्याचे."

"मोठ्यांना उलट बोलतेस? चल, नीघ!"

माना डुगडुगल्या. दोघातिघांना तिची दया आली होती, पण स्प्रिंग ती स्प्रिंग.

खिटी मूर्तीच्या मागे गेली आणि रिबिनींच्या वेलाआड बसली. तेलाचे दोन टपोरे थेंब तिच्या गालांवरून ओघळले. तेवढ्यात तिला दिसलं, की मूर्तीच्या पाठीवर रंगाचा एक पोपडा सुटला होता. केशरी, चकचकीत. तेवढा मिळाला तरी चिमटूची पाठ झाकली असती. आणि बघायला कुणीच नव्हतं.

तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. मग भेगेजवळ तोंड नेऊन ती हळूच म्हणाली, "किल्लाई, तुझा हा पोपडा घेऊ का गं?"

"घे की!" आतून आवाज आला. "कधीची खाजतेय मी!"

खिटी दचकली. पण देवीला खाजतंय म्हटल्यावर काय करणार? तिने पोपडा ओढला. खाली हिरवा थर, त्याखाली गुलाबी, त्याखाली रुपेरी. ती खरवडत गेली, आणि आतून उजेडाचा एक झोत आला. त्या झोतातून चमच्याएवढी एक परी तुरुतुरु बाहेर आली. टॉफीच्या चंदेरी कागदाचे पंख, कधी मोरपंखी, कधी डाळिंबी! पाठीला लवंगेएवढी चिमुकली किल्ली! बाहेर येताच ती दोन्ही हातांनी आपली पाठ खाजवायला लागली.

"अहाहा! जरा डावीकडे खाजव बाळा. हां, तिथेच!"

"तू किल्लाई?"

"मग कोण? हा बाहेरचा गोळा? देवी वाढतेय म्हणे! डोंबलाची वाढ! आत मी चेंगरत होते. कानांत इतका रंग गेला, की चाळीस वर्षं कुणाचं काही ऐकू आलं नाही. तू अगदी भेगेशी बोललीस म्हणून कळलं." मग परीने खिटीचे गाल पुसले. "तू न विचारता घेऊ शकली असतीस. विचारलंस. म्हणून माझ्या किल्लीचे दोन फेरे तुझे. एका फेऱ्याला एक इच्छा. पण माझे नियम आहेत हं."

"कसले?"

"गुपचूप मागायचं नाही. सगळ्यांसमोर मागायचं, मोठ्यांदा. आणि मी नवा रंग बनवत नाही. एकाच्या अंगावरचा काढते आणि दुसऱ्याला लावते. कुणाचा काढायचा, ते तू सांगायचं."

"आणि इच्छा चुकली तर?"

"तर चुकली. परत बदलून मिळत नाही."

खिटीने परीला ओंजळीत घेतलं. बागेत ढोल वाजत होते. सगळा गाव डब्या घेऊन रांगेत उभा होता, आणि रांगेच्या शेवटी आई होती, कडेवर चिमटूला घेऊन. त्याच्या आतला आवाज आता सावकाश येत होता. टक्… टक्…… टक्.

खिटी मूर्तीसमोरच्या ओट्यावर चढली.

"मी किल्लाईच्या पाठीचा पोपडा काढला!" ती ओरडली. "तिला विचारून काढला!"

ढोल थांबले.

"देवी फोडली!" बुवांचा आवाज चिरकला. "वाळीत टाका हिला! हिची किल्ली कुणी फिरवायची नाही!"

"आधी माझी फिरवू दे तिला," खिटीच्या ओंजळीतून परी म्हणाली. सगळ्या माना डुगडुगायच्या थांबल्या. पहिल्यांदाच.

खिटीने दोन बोटांत ती लवंगेएवढी किल्ली धरली आणि फिरवली. कर्र! तिच्या मनात कुणाचं नाव आलं असेल? अंगभर सोनेरी थर घेऊन समोर कोण उभं होतं, ते तुम्हीच बघा. पण तिने ते नाव घेतलं नाही.

"माझ्या छातीवरचा निळा काढ," ती म्हणाली, "आणि चिमटूच्या पाठीला लाव."

"अगं, मग तू गंजशील!" आई किंचाळली.

पण इच्छा मागून झाली होती. निळा ठिपका फुलपाखरासारखा फडफडत उठला, रांगेवरून भिरभिरत गेला आणि चिमटूच्या पाठीवर अलगद बसला. गंज भुरुभुरु गळून पडला. आईने किल्ली धरली. फिरली. एक फेरा, दोन फेरे, तीन!

"आई, पुरे! गुदगुल्या होतात!" चिमटू खिदळला.

आईने त्याला छातीशी घट्ट धरलं. मग ती तिथेच मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. खिटीने केवढा तरी मोठा श्वास सोडला. जत्रेतल्या सगळ्या आयाही तिच्याबरोबर हुश्श म्हणाल्या.

"अजून एक फेरा आहे," परी म्हणाली.

खिटीने समोर पाहिलं. रांगेत पोरंच पोरं होती. कुणाचे गुडघे तपकिरी, कुणाची हनुवटी. तिने किल्ली फिरवली.

"किल्लाई, या मूर्तीवरचा सगळा रंग काढ, आणि ज्याला ज्याला गंज लागलाय त्याला लाव!"

"नाही! माझी देवी!" सोनबुवा धावले आणि दोन्ही हातांनी मूर्तीला मिठी मारून बसले.

"सोडा, बुवा," परी हळुवारपणे म्हणाली. "मूर्तीला चिकटलेलं सगळं रंगाबरोबर जाईल."

"नाही सोडणार!"

मग काय व्हायचं ते झालं. थर सुटायला लागले. वरचा केशरी, त्याखालचा हिरवा, त्याखालचा गुलाबी. चाळीस वर्षांच्या चाळीस जत्रा आभाळात उधळल्या, आणि रंगांचा झिमझिम पाऊस पोरांवर पडला. कुणी ठिपक्याठिपक्यांचं झालं, कुणी पट्ट्यापट्ट्यांचं. एका पोराच्या नाकावर नेमका जांभळा थेंब पडला आणि त्याने तो पुसायला साफ नकार दिला. म्हाताऱ्यांच्या वाट्यालाही थोडा थोडा रंग आला. लायकी नव्हती, पण खिटीने 'ज्याला ज्याला' म्हटलं होतं.

शेवटी मूर्तीच्या जागी नुसत्या टिनाचे सोनबुवा तेवढे उरले.

परी उडत खिटीपाशी आली. "आणि तू? तू तर उघडी राहिलीस."

"असू दे," खिटी म्हणाली. "चिमटू चालतोय ना!"

"माझ्या पंखांचा रंग माझा आहे. तो मी कुणालाही देईन." परीने पंख झटकला. मोरपंखी, डाळिंबी, चंदेरी चुरा खिटीच्या छातीवर, वेण्यांवर, बोटांच्या टोकांवर बसला. "याला कधी गंज लागायचा नाही. आता मला जाऊ दे. अंग कसं मोकळं झालंय!"

परी उजेडाचा एवढासा ठिपका झाली. तो काचमण्यांच्या दवात सांडला, बागभर लखलखला आणि निघून गेला.

पुढच्या वर्षी इंद्रधनुष्य ठिबकलं, तेव्हा प्रत्येक घराची डबी घरातच उघडली गेली. कुणाचीही परवानगी न घेता.

सोनबुवांच्या अंगावरचा सगळा रंग त्या दिवशी गेला. गावातलं वजनही गेलं. आता त्यांना कुणी बुवा म्हणत नाही.