थांबलेल्या पेशी

"मग गुण नेमका कशाने आला, बाई?"

केतकीने विचारलं खरं, पण तिचं लक्ष हातातल्या काचेच्या बशीकडे होतं.

शालिनीबाई देवस्थळी हसल्या. मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत त्या सगळ्यांच्या गुरू. मोठमोठे डॉक्टरसुद्धा त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. फार वर्षांपूर्वी यजमान आजारी पडले, तेव्हा बाईंनी व्रत धरलं होतं. एक नव्हे, सगळीच. सोमवार केले, मीठ सोडलं, अनवाणी देवाला गेल्या. जोडीला वैद्याचा काढा नि डॉक्टरांच्या गोळ्या. यजमान उठून बसले.

"कशाने, ते देवालाच ठाऊक. मी सगळं एकदम केलं ना! तेव्हापासून एका वेळी एकच व्रत धरते, बरं का."

"आता हे बघा." केतकीने ऐटीत बशी पुढे केली. "कॅन्सरची एकही पेशी जिवंत नाही."

पेशीला ‘वाढ, वाढ’ म्हणून सांगणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. केतकीचं औषध म्हणजे इवलासा रेणू. कुलपात काडी अडकून बसावी, तसा तो त्या विकरात जाऊन बसे. विकर अडलं की पेशीचं काय होतं, एवढंच पाहायचं होतं. पण केतकीचं तेवढ्यावर भागत नव्हतं. तासगावला तिचे बाबा याच दुखण्याने अंथरुणाला खिळले होते.

"औषध किती घातलंस?"

"वाढवलं थोडं."

"थोडं?"

"... बरंच."

बाईंनी शेजारची निरोगी पेशींची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तिच्यातही तेवढंच औषध होतं. ती केतकीने पाहिलीच नव्हती.

आता पाहिली. त्याही मेल्या होत्या.

"तण काढायला अख्खं शेत पेटवलंस की गं. पीक कुठलं, तण कुठलं, कळायचं कसं?"

केतकीचा चेहरा उतरला.

"आणि कमी औषधाची बशी?"

"ती वाया गेली. पेशी मेल्याच नाहीत."

"वाढल्या?"

"... नाही. होत्या तेवढ्याच आहेत."

"मग वाया कशी गेली?"

बाईंनी ती बशी घेतली. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशा हलक्या हाताने औषध धुऊन काढलं, पेशींना ताजं खाद्य घातलं.

दुसऱ्या दिवशी त्या पेशी पुन्हा वाढू लागल्या होत्या.

"जमलं!" बाई म्हणाल्या. "ते विकरच वाढवत होतं यांना."

"जमलं? बाई, अहो, वाढताहेत त्या!" केतकीचा आवाज चिरकला. "औषध काढलं की परत वाढणार, तर बाबांना सांगू काय मी?"

ती पुन्हा औषध घालायला धावली.

बाईंनी तिचं मनगट धरलं. घट्ट नाही. नुसतं धरलं.

"सोडा ना, बाई."

बाईंनी सोडलं नाही.

...

"हात थांबल्यावर काय कळलं?"

"... थरथरतोय."

"कधीपासून?"

"बाबांचा रिपोर्ट आला तेव्हापासून." केतकीचे डोळे भरून आले.

"त्यानंतर घरी गेली होतीस?"

"नाही. ठरवलंय मी. औषध हाती लागल्याशिवाय जायचं नाही. रिकाम्या हाताने कुठल्या तोंडाने जाऊ?"

तिचं मनगट अजून बाईंच्या हातातच होतं. हळूहळू थरथर निवली.

"हे काम लांबचं आहे, बाळ. माझ्या हातून पुरं व्हायचं नाही. तुझ्या हातून होईलही..."

"आणि तोवर?"

"तोवर बश्या मी सांभाळते. तू तासगावची एसटी धर. आणि त्यांचा हात असाच धरून बस."